पोर्तुगीज विंडोज आणि गेलेला डेटा: शब्द कुठून शिकायला सुरुवात करायची?

सावंतवाडीत नुकतंच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलेल्या एका मुलाने विचारलंय: "काका, बांदा-दोडामार्गाकडची आणि पलीकडून पेडणे-म्हापशाची गिऱ्हाइकं पोर्तुगालहून आलेले लॅपटॉप घेऊन येतात. पडद्यावर सगळं पोर्तुगीज. कुणाचे फोटो डिलीट झालेले, कुणाची हार्ड डिस्क उघडत नाही. इंग्रजीतले रिकव्हरीचे शब्दसुद्धा माझे अर्धवटच आहेत. दोन्ही भाषांतले कुठले शब्द आधी पाठ करू? की सरळ विंडोजची भाषा इंग्रजी करून घेऊ?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथे आहे. भाषा बदलू नकोस. भाषा बदलायची तर लँग्वेज पॅक डाउनलोड होतो आणि तो सी ड्राइव्हवरच बसतो. हार्ड डिस्कवरची डिलीट झालेली फाईल लगेच जात नाही. तिची जागा फक्त रिकामी म्हणून नोंदली जाते, आणि पुढे जे काही येईल ते तिथे बसू शकतं. म्हणजे तुला वाचता यावं म्हणून आणलेला पॅक गिऱ्हाइकाच्या बारशाच्या फोटोंवर जाऊन बसायचा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर उतरवणंही त्यातलंच. लॅपटॉप बंद कर, डिस्क काढ, यूएसबी अडॅप्टरला लाव आणि आपल्या मशीनवर वाच.

असं केलंस तर निम्मी पोर्तुगीज आपोआप टळते. त्या लॅपटॉपवर 'उतिलिझादोरेस', 'इमाजेन्स', 'त्रान्सफेरेन्सियास' असे जे फोल्डर दिसतात, ती नुसती दाखवायची नावं असतात. विस्टापासून विंडोज डिस्कवर यूझर्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हीच नावं ठेवतं आणि पडद्यावर त्या त्या भाषेतलं नाव दाखवतं. डिस्क तुझ्या इंग्रजी मशीनला लागली की इंग्रजी नावं समोर येतात. अपवाद वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा. वनड्राइव्हने बॅकअपला घेतलेले फोल्डर डिस्कवरही पोर्तुगीज नावानेच असतात. डेस्कटॉपचं तिथे 'आम्बियेंते दे त्राबाल्यो' झालेलं असतं. तेव्हा डेस्कटॉपचा फोल्डर रिकामा दिसला म्हणून 'गेलं सगळं' असं कुणाला सांगू नकोस. आधी वनड्राइव्हच्या फोल्डरात शिरून बघ. एवढ्या एका गोष्टीने माझ्याकडे आलेली कित्येक कामं चहा संपायच्या आत झालेली आहेत, आणि त्याचे पैसे मी घेत नाही.

आता शब्द. डिक्शनरी उघडून पहिल्या पानापासून बसलास तर पावसाळा संपेल. मी शब्दांचे दोनच ढीग करतो. ज्या बटनाने पेशंट डिस्कवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बिघडलेल्या डिस्कवर, काहीतरी लिहिलं जातं ते एका ढिगात. ज्याने नुसतं वाचलं जातं किंवा खिडकीतून बाहेर पडता येतं ते दुसऱ्यात. पहिला ढीग आधी पाठ कर, दोन्ही भाषांत. दुसरा कामाच्या ओघात येतो.

मी देवनागरीत लिहितोय, पण तुला पडद्यावर रोमन अक्षरं दिसणार, म्हणून तीन खुणा सांगतो. 'सीएच' दिसलं की 'श' वाचायचं. 'एक्स'सुद्धा पुष्कळदा 'श'च असतो. आणि शब्दाच्या शेवटी खाली शेपटी असलेला सी, डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ए आणि मग ओ अशी त्रिमूर्ती आली, की ते 'सांव'. गोव्यातल्या सांजांवातला 'आंव' तोच. हा 'सांव' बहुधा इंग्रजीतल्या 'शन'च्या जागी येतो: पार्तिसांव म्हणजे पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग), इन्स्तालासांव म्हणजे इन्स्टॉलेशन. रेकुपेरासांव म्हणजे रिकव्हरी. उच्चाराला लिस्बनचा माणूस हसेल, हसू दे. तुला बोलायचं नाहीये, ओळखायचंय.

पहिल्या ढिगात काही शब्द इंग्रजीच्या तोंडावळ्याचे आहेत. फोर्मातार, इनिसियालिझार, रेपारार म्हणजे फॉरमॅट, इनिशिअलाइझ, रिपेअर. कोरिजीर म्हणजे दुरुस्त करणे, विंडोज 'फिक्स' म्हणतं ते. पण सगळेच ओळखीचे नाहीत. सुब्स्तितुइर म्हणजे जुन्या फाईलच्या जागी नवी टाकणे. एस्वाझियार म्हणजे रिकामं करणे. रीसायकल बिनवर राइट क्लिक केलं की हा शब्द दिसतो. लिंपार म्हणजे साफ करणे, आणि 'लिंपेझा दे दिस्को' हा विंडोजचा डिस्क क्लीनअप. रेमोव्हेर तुदो म्हणजे सगळं काढून टाका. आणि अपागार. आपला 'पगार' पोर्तुगीज 'पागार'वरून आला, त्याचा अर्थ पैसे देणे. म्हणून अपागारलाही पैशाचाच शब्द समजून त्यावर बिनधास्त क्लिक करणारा माणूस मी पाहिलाय. अपागार म्हणजे पुसून टाकणे.

दुसरा ढीग छोटा आहे. कान्सेलार, फेशार म्हणजे बंद करा, व्होल्तार म्हणजे मागे, साइर म्हणजे बाहेर, इग्नोरार, आणि नांव म्हणजे नाही. कोपियार म्हणजे कॉपी. शंका आली की यातलाच एखादा दाब.

सगळ्यात जास्त घात करणारा शब्द मात्र दोन्ही ढिगांत बसतो, आणि तो म्हणजे रेस्ताउरार. रीसायकल बिनमध्ये फाईल निवडून रेस्ताउरार केलंस तर फाईल होती तिथे परत जाते. तिथे तो देवमाणूस. पण ब्राझीलच्या विंडोजमध्ये सेटिंग्जच्या रिकव्हरीच्या पानावर 'रेस्ताउरार' आणि पुढे 'पीसी' असं बटन असतं, ते म्हणजे इंग्रजीतलं 'रीसेट धिस पीसी'. पोर्तुगालच्या विंडोजमध्ये त्याच जागी 'रेपोर' असतं. माणसाचे फोटो गेलेले असतात, तो घाबरलेला असतो, 'रेकुपेरासांव'च्या पानावर पोचतो, तिथे 'रेस्ताउरार' दिसतं, आणि त्याला वाटतं देव पावला. पुढची खिडकी विचारते: 'मान्तेर' म्हणजे फाईली ठेवायच्या, की 'रेमोव्हेर तुदो'. इथवर आलेला माणूस 'ठेवा' म्हणतो, पण ठेवल्या जातात त्या आज शाबूत असलेल्या फाईली. डिलीट झालेल्या फाईलींच्या रिकाम्या जागेवर तेवढ्यात नवं विंडोज बसतं. मोबाईलचा कॅमेरा धरून भाषांतर करत असशील तर इथे विशेष सांभाळ. उत्तर 'रिस्टोअर' असं येईल, आणि ते चूक नसेलही. पण शब्द कुठल्या खिडकीत उभा आहे ते कॅमेरा सांगत नाही.

वर पोर्तुगाल आणि ब्राझील असं वेगळं म्हटलं, कारण दोघांचं विंडोज वेगळं येतं. तुझ्याकडे बहुतेक पोर्तुगालचंच येईल, पण देवगड-मालवणची बोटीवरची मुलं सान्तोसला उतरून घेतलेला एखादा लॅपटॉपही आणतात. फाईलला पोर्तुगालात फिशेइरो, ब्राझीलमध्ये अर्किव्हो. डिलीटला एलिमिनार आणि एश्क्लुइर. सेव्हला ग्वार्दार आणि साल्व्हार. रीसायकल बिनला रेसिक्लाजेम आणि लिशेइरा. पासवर्डला पालाव्रा-पासे आणि सेन्या. फोल्डरला दोन्हीकडे पास्ता, खायचा पास्ता लिहितात तसाच. त्यातही एक खोड आहे: ब्राझीलच्या एक्सेलमध्ये नव्या वर्कबुकचं नाव 'पास्ता' आणि पुढे 1 असं येतं, पोर्तुगालच्या एक्सेलमध्ये 'लिव्ह्रो' आणि 1. म्हणजे गिऱ्हाईक 'पास्ता 1 गेलं' म्हणालं तर फोल्डर शोधत बसू नकोस, एक्सेलची फाईल शोध. आकड्यांकडेही बघ. तिकडे दशांशाला स्वल्पविराम असतो, दीड टीबी '1,5' असं लिहितात; आणि '1.500' दिसलं तर ते दीड नव्हे, दीड हजार.

इंग्रजीतले तुझे शब्द अर्धवट असण्यात तुझा दोष नाही. कंपन्याच ते वाटेल तसे वापरतात. दुकानापुरतं एवढं पक्कं ठेव. रिस्टोअरला आधीचा बॅकअप किंवा रीसायकल बिन लागतं. रिकव्हरला लागत नाही, तो डिस्कवर जे उरलंय ते वेचतो. रिपेअरला तुझ्या डेटाशी देणंघेणं नाही. त्याला ड्राइव्ह पुन्हा चालू करायचा असतो, मग त्यात फाईलींच्या नोंदी तुटल्या तरी बेहत्तर. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन चालवल्यावर 'फाउंड' आणि तीन शून्यं अशा नावाचा फोल्डर आणि त्यात सीएचके शेपटीच्या फाईली दिसल्या, की समजायचं, आपल्या आधी कुणीतरी रिपेअर करून गेलाय. खराब होत चाललेल्या डिस्कवर रिपेअर चालवणं म्हणजे आजारी माणसाला डोंगर चढायला लावणं.

फॉरमॅटचे दोन प्रकार असतात आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. क्विक फॉरमॅट, पोर्तुगीजमध्ये 'फोर्मातासांव रापिदा', फाईलींची यादी नवी करतो, आतला माल बहुतेक तसाच राहतो. त्याची खूण काढली तर फुल फॉरमॅट होतो, आणि विस्टापासून पुढे फुल फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितो. मग काही उरत नाही. गिऱ्हाइकाला 'कुठला फॉरमॅट केला?' असं विचारून उपयोग नाही, त्याला ठाऊक नसतं. 'किती वेळ लागला?' विचार. काही सेकंदांत झाला असेल तर आशा आहे. तासन्‌तास चालला असेल तर खरं काय ते सांगून टाक.

इमेज आणि क्लोन हे शब्दही नीट बघ. क्लोन म्हणजे डिस्कची दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल. इमेज म्हणजे तीच नक्कल एका मोठ्या फाईलमध्ये. कामाला हात घालण्याआधी यातलं एक करायचंच, आणि पुढचं सगळं नकलेवर. पोर्तुगीजमध्ये 'इमाजेम' म्हणजे फोटोही आणि डिस्कची इमेजही, तेव्हा 'इमाजेम दो सिस्तेमा' दिसलं तर ते फोटो नव्हेत, सिस्टिमचा बॅकअप आहे, आणि तुझं नशीब जोरावर आहे. नक्कल करताना दोन शब्द डोळ्यांत तेल घालून वाचायचे: सोर्स आणि डेस्टिनेशन, पोर्तुगीजमध्ये ओरिजेम आणि देस्तिनो. उलटे निवडलेस तर तुझी रिकामी डिस्क पेशंटवर उतरेल आणि त्यावर कुठल्याही भाषेत उपाय नाही. खिडकीतल्या नावांवर जाऊ नको, डिस्कवरच्या लेबलाचा सिरीयल नंबर जुळवून बघ. डिस्क अडखळत असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू हे नक्कल काढणारं सॉफ्टवेअर वापर. ते आधी सहज मिळणारे भाग उचलतं, अडलेले भाग नंतरसाठी सोडतं आणि कुठवर आलोय ते मॅपफाईलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच लाईट गेली तर तिथून पुढे सुरू करता येतं. आपल्याकडे मृगाच्या आधीपासूनच लाईटीचा भरवसा नसतो, त्यामुळे ती मॅपफाईल सोन्यासारखी जप.

आता एक काम जरा जवळून सांगतो, म्हणजे शब्द कुठे लागतात ते कळेल. दोडामार्गाकडच्या एक बाई बाहेरची हार्ड डिस्क घेऊन आल्या. जावई लिस्बनला. डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावल्यावर खिडकी आली, त्यात 'फोर्मातार' आणि 'कान्सेलार' अशी दोन बटनं. कुणीतरी पहिलं दाबलं. वर त्याच डिस्कवर नवे फोटो भरले. बाई म्हणाल्या, "माका फोटो नको, कागद व्हये." कागद म्हणजे आजोबांच्या जन्मनोंदीचे स्कॅन. गोव्यातल्या ज्यांचे वाडवडील 1961 पूर्वी तिथे जन्मले, त्यातले पुष्कळ जण लिस्बनच्या कोन्सेर्व्हातोरिया दोस रेजिस्तोस सेंत्राइस या कार्यालयात पोर्तुगीज नागरिकत्वासाठी जन्म नोंदवून घेतात, आणि त्यासाठी हे कागद जिवापाड जपलेले असतात.

इमेज काढली. आधी जुन्या फाईल सिस्टिमवरून, म्हणजे डिस्कवरच्या फाईलींच्या नोंदवहीवरून, शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं, कारण त्यातून फाईलींची नावं आणि फोल्डर परत मिळू शकतात. हा क्रम उलटा करू नकोस. पण नव्या फोटोंनी जुन्या नोंदी बऱ्याच झाकल्या होत्या. मग फोटोरेक. हे फाईल सिस्टिमकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाईलची सुरुवात ठरलेली असते, जेपेगची 'एफएफ डी8 एफएफ' या बाइट्सनी. ती खूण दिसली की तिथून फाईल उचलायची. इंग्रजीत याला कार्व्हिंग म्हणतात. यात नावं मिळत नाहीत. 'रेकप डीर'च्या फोल्डरांमध्ये एफ अक्षर आणि पुढे आकडे अशा नावांच्या हजारो फाईली साठतात. त्यात पीडीएफचा ढिगारा, आणि कुठला कागद कुठला ते नावावरून कळायला मार्ग नाही. स्कॅन केलेले असल्याने मजकुरात शोधही लागत नाही. म्हणून एकेक उघडून डोळ्यांनी बघायचं.

तिथे मग कॉम्प्युटरची पोर्तुगीज उपयोगाची नाही, कागदाची लागते. 'असेंतो दे नासिमेंतो' म्हणजे जन्माची नोंद. 'सेर्तिदांव' म्हणजे दाखला. 'काझामेंतो' म्हणजे लग्न, 'ओबितो' म्हणजे मृत्यू, 'प्रोकुरासांव' म्हणजे मुखत्यारपत्र. हे शब्द माझ्या टेबलाच्या काचेखाली मोठ्या अक्षरांत रोमनमध्ये लिहून ठेवलेत. अशा कामात गिऱ्हाइकाला शेजारी बसवावं. आजोबांचं नाव तिच्या डोळ्याला आपल्याआधी दिसतं. आणि हे कागद म्हणजे लोकांची ओळख आहे, त्यामुळे काम दिल्यावर गिऱ्हाइकाने उघडून 'सगळं आहे' म्हटलं की आपल्याकडची प्रत पुसायची. इथे वाइप, म्हणजे कायमचं पुसणं, हा शब्द पहिल्यांदा आपल्या बाजूचा होतो.

टेस्टडिस्क हे हरवलेलं पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर वापरशील तेव्हा त्याचे मेन्यू इंग्रजीतच असतात. अॅनलाइज, क्विक सर्च, डीपर सर्च हे शोधणारे शब्द आहेत. शेवटी 'राइट' येतं, ते पार्टिशनची यादी डिस्कवर लिहितं. नकलेवर काम करत असशील तरच त्याला हात लाव. कॅमेऱ्याच्या फॅट32 (एक जुनी फाईल सिस्टिम) कार्डवर डिलीट झालेल्या फाईलच्या नावाचं पहिलं अक्षर गेलेलं दिसलं, म्हणजे डीएससीच्या जागी नुसतं एससी आणि आधी एखादं चिन्ह, तर घाबरू नकोस. फॅटमध्ये डिलीट करताना पहिल्या अक्षरावरच 'ई5' ही खूण मारली जाते. फोटो आत शाबूत असू शकतो.

अलीकडच्या लॅपटॉपमध्ये दोन अडचणी आणखी येतात. एक एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क. तिच्यात ट्रिम नावाची आज्ञा असते. विंडोज 7 पासून सिस्टिम एसएसडीला सांगते की हे हे भाग आता नकोत, आणि एसएसडी ते सवडीने रिकामे करून टाकते. तिथे रिकव्हरीचं सॉफ्टवेअर बहुधा शून्यंच आणतं. मग बॅकअप शोधायचा: 'कोपिया दे सेगुरांसा' म्हणजे बॅकअप, 'हिस्तोरिको दे फिशेइरोस' म्हणजे विंडोजची फाईल हिस्टरी, 'व्हेर्सोंयस आन्तेरियोरेस' म्हणजे आधीच्या आवृत्त्या. गुगल फोटोजमध्ये कचऱ्याला पोर्तुगालात 'लिशो' म्हणतात, मधला श एक्सचा. बॅकअप झालेले फोटो तिथे 60 दिवस राहतात. जावयाला आजच फोन करायला सांग, रविवारची वाट बघू नकोस.

दुसरी अडचण कुलपाची. डिस्क काढून लावलीस आणि ड्राइव्हवर कुलपाचं चित्र आलं तर तो बिटलॉकर आहे. विंडोज 11 च्या पुष्कळ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलं की हे कुलूप आपसूक लागतं आणि मालकाला पत्ताही नसतो. त्याच लॅपटॉपवर तो 'शावे दे रेकुपेरासांव' मागेल. शावे म्हणजे आपली चावीच, शब्द तिथूनच आलाय. हा 48 अंकी नंबर मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर सापडतो. तो नसेल तर जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही, पैसे घेऊ नकोस.

डिस्क टकटक वाजत असेल, किंवा पाण्यात गेली असेल, तर तुझं काम शब्दांपुरतंच. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरल्यानंतर लोकांनी डिस्क उन्हात वाळवल्या, तांदळात पुरल्या, आणि मग 'एकदा लावून बघू' म्हणत वीज दिली. वाळलेला गाळ प्लॅटरवर, म्हणजे आतल्या तबकडीवर, चिकटतो आणि वाचणारं हेड त्यावरून फिरतं. भिजलेली डिस्क वाळवू नये, वीज देऊ नये, बंद पिशवीत घालून लवकरात लवकर क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या लॅबला पाठवावी. मुंबई-पुण्याच्या लॅबचा फॉर्म इंग्रजीत असतो. त्यात फेल्युअर फिजिकल की लॉजिकल, म्हणजे डिस्कचा भागच बिघडलाय की फक्त आतल्या नोंदी, ते विचारतात. आवाज येत असेल किंवा भिजली असेल तर फिजिकल. खारं पाणी होतं की गोडं तेही लिही, खाऱ्याने गंज लवकर चढतो. आणि डिस्क याआधी उघडली होती का, या रकान्यात खरं तेच लिही, गिऱ्हाईक कितीही 'नको लिहू' म्हणालं तरी. आत धूळ गेलेली असेल तर त्यांना पहिली वीज देण्याआधीच ते कळायला हवं.